शिफ्ट-डिलीट मारलेले मेल परत कसे आणायचे

तुमची अडचण मला समजली ती अशी. वडिलांच्या वर्कशॉपमधला कॉम्प्युटर, विंडोज १०, आउटलुक २०१६, मेल आयडी स्वतःच्या डोमेनचा. आउटलुक फार हळू चालतंय म्हणून 'मागील वर्ष' नावाचा अख्खा फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केला, कायमचं डिलीट करू का असं विचारल्यावर येस पण दाबलं, आणि चौथ्या दिवशी सीएनं खरेदीची बिलं मागितली तेव्हा लक्षात आलं की ती सगळी त्याच फोल्डरात होती. रिसायकल बिन बघितला, त्यात काही नाही. आता ओळखीतला एक मुलगा म्हणतोय की रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकून बघू.

त्या मुलाला चहा द्या आणि बसवून ठेवा. सॉफ्टवेअर टाकायची वेळ कदाचित येईल पण ती सगळ्यात शेवटी, लोक ते सगळ्यात आधी करतात आणि जे वाचलं असतं तेपण घालवून मग माझ्याकडे येतात. सांगली-मिरज भागात २२ वर्षं हेच काम करतोय, आता सवयच लागलीय, असा फोन आला की काय डिलीट झालं ते नंतर विचारतो, आधी सांगतो आउटलुक बंद करा आणि नेटची वायर काढा.

का ते सांगतो. सातबाऱ्यावरनं नाव कमी झालं म्हणून जमीन कुठं जात नाही. बांध तिथंच, विहीर तिथंच, तुमचं उभं पीक पण तिथंच, फक्त कागदावर ती तुमची राहिलेली नसते. दुसरा कोणी येऊन नांगर फिरवेल तेव्हा ते पीक जातं. डिलीटचं तसंच आहे, नोंद कमी होते, माल पडून राहतो, आणि मग कधीतरी नांगर फिरतो. हा नांगर कोण फिरवणार ते तुमची मेलची व्यवस्था कशी आहे त्यावर ठरतं, आउटलुकच्या फाइलीत कॉम्पॅक्ट नावाची साफसफाई असते, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवायची पद्धत) असेल तर सिंक म्हणजे सर्व्हरशी जुळवाजुळव, जीमेलसारख्या ठिकाणी दिवसांची मुदत, आणि एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपची डिस्क असेल तर ट्रिम नावाची पुसापुशी. तुमचे चार दिवस गेलेत, मशीन रोज चालू होतं, त्यामुळं थोडीफार नांगरट झाली असणार, पण सगळं रान गेलं असं समजायचं कारण नाही.

तर आता नेमकं काय करायचं. आउटलुक बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा की ते खरंच बंद झालंय, खिडकी बंद केली तरी ते मागं चालू राहतं बरेचदा. नेट बंद. मग आउटलुक न उघडता कंट्रोल पॅनेलमध्ये जा, तिथं मेल नावाचं एक आयकॉन असतं, फार कमी लोकांना माहितीये, त्यात ई-मेल अकाउंट्स आणि डेटा फाइल्स अशी दोन बटणं मिळतील. अकाउंटपुढं पॉप लिहिलंय, आयमॅप लिहिलंय की एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल सेवा), हे एका कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं ह्या एका शब्दावर आहे. डेटा फाइलचा पत्ता पण तिथंच दिसतो, फाइलच्या शेवटी पीएसटी आहे की ओएसटी (आउटलुक ज्या फाइलीत मेल साठवतं तिचे हे दोन प्रकार) तेपण लिहून घ्या. मग ती फाइल जशीच्या तशी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, आणि यापुढं जे काय प्रयोग करायचे ते त्या कॉपीच्याही कॉपीवर. एक बारीक गोष्ट, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी जागा नाही म्हणतो आणि माणूस चक्रावतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या.

ही कॉपी झाल्यावर नेट बंदच ठेवून एकदा आउटलुक उघडून बघायला हरकत नाही. तुमच्या केसमध्ये शिफ्ट-डिलीट नक्की झालंय, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, माझ्याकडे 'मेल उडाले' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे मेल उडालेले नसतातच. माऊस हातातून निसटतो आणि एक फोल्डर दुसऱ्या फोल्डराच्या पोटात जाऊन बसतो, डावीकडच्या यादीत तो बारीक बाण उघडला की सापडतो. नवीन आउटलुकमध्ये बॅकस्पेस दाबलं की मेल डिलीट होत नाही, आर्काइव्ह फोल्डरात जातो, हे कोणी सांगत नाही आणि लोक डिलीटेड आयटम्समध्ये शोधत बसतात. कंट्रोल-डिलीट दाबलं गेलं तर ते इग्नोर कॉन्व्हर्सेशन असतं, म्हणजे त्या विषयाचे जुने मेल तर डिलीटेडमध्ये जातातच, पुढं येणारी उत्तरं पण थेट तिकडंच जातात, एका गिऱ्हाईकाचा सप्लायर महिनाभर 'मी रेट पाठवलाय' म्हणत होता आणि हा त्याला खोटा ठरवत होता. ऑटो-आर्काइव्ह चालू असेल तर जुने मेल आर्काइव्ह नावाच्या वेगळ्या पीएसटीत जातात आणि ती फाइल उघडलेली नसली की वाटतं गेले. म्हणून सर्च करताना करंट फोल्डर नाही, ऑल मेलबॉक्सेस निवडा, विषयानं नाही तर पाठवणाऱ्याच्या नावानं शोधा.

आता तुमच्या कागदावर पॉप आलं असेल तर. पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या मशीनवरच्या पीएसटीत ठेवायचा. इथं पहिली आशा सर्व्हरचीच, गंमत आहे पण खरं आहे. आउटलुकच्या पॉप अकाउंटमध्ये सर्व्हरवर एक प्रत राहू दे अशी टिक असते आणि बहुतेक वेळा तिच्याखाली १४ दिवसांनी काढून टाक अशी दुसरी. ज्यानं अकाउंट बसवलं त्यानं ती दुसरी टिक काढली असेल तर तुमचे सगळे मेल सर्व्हरवर जसेच्या तसे पडलेत आणि तुम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवरून किंवा मोबाइलच्या ब्राउझरमधून वेबमेल उघडून बघा, जिथं डोमेन घेतलंय त्यांच्याकडं वेबमेलची लिंक असते, बहुधा राउंडक्यूबचा स्क्रीन येईल. मेल दिसले तर लगेच नाचू नका, त्याच आउटलुकमध्ये सेंड-रिसीव्ह दाबून ते उतरणार नाहीत कारण आउटलुक लक्षात ठेवतं की हे मी आधी उतरवलेत. कंट्रोल पॅनेलच्या त्या मेलमध्येच नवीन प्रोफाइल करा, त्यात तोच अकाउंट नव्यानं घाला, सर्व्हरवरून काढून टाकायची टिक काढा, आणि मग उतरवा, सगळे येतील.

सर्व्हरवर नसतील तर मग पीएसटीचं पोट फाडायचं. पीएसटीतून मेल डिलीट केला तरी फाइल लहान होत नाही, बघा तुमची फाइल आजही तेवढीच मोठी असेल. आत जागा मोकळी म्हणून खूण केलेली असते आणि नवीन मेल आले की ते त्या मोकळ्या जागेत बसत जातात. म्हणून चार दिवसांत आलेले २०-२५ मेल एवढंच नुकसान असू शकतं, पण आउटलुक निवांत असताना मागं स्वतःच कॉम्पॅक्ट करतं तो धोका मोठा, आणि अकाउंट सेटिंगमधलं कॉम्पॅक्ट नाऊ हे बटण तर आत्ता विषासारखं समजा. फाइल मोठी झाली, साफ करू, असं म्हणून कोणी ते दाबलं नसेल अशी आशा करतो. (हळू चालतंय म्हणून डिलीट केलं आणि डिलीट करूनही फाइल तेवढीच राहिली म्हणून कॉम्पॅक्ट केलं, हा क्रम इतका नेहमीचा आहे की मी तो आधी विचारून घेतो.)

मायक्रोसॉफ्टचंच एक टूल ऑफिसच्या फोल्डरात पडलेलं असतं, स्कॅनपीएसटी, तुमच्याकडं प्रोग्रॅम फाइल्सच्या आत मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यात रूट, मग ऑफिस१६ मध्ये मिळेल. ते मोडलेली पीएसटी दुरुस्त करायला आहे, डिलीट झालेले मेल आणायला नाही, चांगल्या फाइलवर चालवलं तर ते म्हणणार सगळं ठीक आहे. म्हणून जुने लोक एक उलटी युक्ती करायचे, फाइल मुद्दाम मोडायची. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट बदलता येतो अशा प्रोग्रॅममध्ये, कॉपी उघडायची, ७ पासून १३ पर्यंतच्या जागांवर २० लिहायचं, म्हणजे तिथं रिकामी जागा, आणि मग स्कॅनपीएसटी चालवायचं, ते बिचारं फाइल मोडलीय समजून आतलं सगळं नव्यानं मांडतं आणि डिलीट झालेले मेल डिलीटेड आयटम्समध्ये येऊन बसतात. यात एक मेख आहे, हे ७ ते १३ हेक्सच्या मोजणीतले आहेत, मध्ये ए-बी-सी-डी-ई-एफ पण येतात, त्यामुळं सात नाही, तेरा जागा भरायच्या. कितीतरी पोरांनी सातच भरल्या आणि युक्ती चालत नाही म्हणून सोडून दिली. ही गोष्ट आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या, २ जीबीची मर्यादा असलेल्या पीएसटीवर छान चालायची. आताच्या फाइली वेगळ्या बांधणीच्या आहेत, आउटलुक २०१० पासून ५० जीबीपर्यंत जातात, त्यांच्यावर मी या युक्तीवर भरवसा ठेवत नाही, कॉपीवर करून बघायला पैसे पडत नाहीत एवढंच. इथं मात्र पीएसटी रिकव्हरीचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर कामाचं असतं. नियम एकच, आधी फुकट स्कॅन करून प्रिव्ह्यूमध्ये मेलचा मजकूर वाचता येतोय आणि अटॅचमेंट उघडतेय असं दिसलं तरच पैसे. नुसत्या विषयांची लांबलचक यादी दाखवून पैसे मागणारं बरंच काही बाजारात आहे.

आणि हो, पीएसटी कुठं होती ते परत बघा. पॉपची पीएसटी बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात असते, आणि विंडोज १० मध्ये कोणीतरी कधीतरी वनड्राइव्हला हो म्हटलेलं असतं, मग डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर जात असतो. एरवी पीएसटी वनड्राइव्हमध्ये असणं वाईटच, पण आज ते तुमच्या फायद्याचं. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन त्या फाइलवर राइट क्लिक, व्हर्जन हिस्टरी, आणि चार-पाच दिवसांपूर्वीची फाइल मिळाली तर गंगेत घोडं न्हालं. फाइल हिस्टरी किंवा सिस्टिम रिस्टोर चालू होतं का तेपण बघा, फोल्डरवर राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्स. तिथं रिस्टोर दाबू नका, आताच्या फाइलीवर बसेल, जुनी फाइल वेगळ्या जागी कॉपी करून घ्या.

कागदावर आयमॅप आलं असेल तर गोष्ट वेगळी. आयमॅपमध्ये खरा मेल सर्व्हरवर, तुमच्याकडं त्याची सावली. तुम्ही इथं डिलीट केलं की तिथं डिलीट, आणि मग बाबांच्या मोबाइलवर, घरच्या लॅपटॉपवर, सगळीकडं. पण हे 'सगळीकडं' तेव्हाच होतं जेव्हा ते यंत्र नेटला लागतं! घरात एखादा लॅपटॉप आहे का ज्यावर हाच मेल आहे आणि जो आठवडाभर उघडलेला नाही? असेल तर आधी घरचं राउटर बंद करा आणि मग लॅपटॉप उघडा, आउटलुक उघडा, तो फोल्डर जसाच्या तसा दिसेल. तिथंच एक नवीन पीएसटी बनवून सगळे मेल त्यात कॉपी करा, मूव्ह नाही, कॉपी, आणि ज्यांचा मजकूर पूर्ण उतरला नसेल त्यांची फक्त शीर्षकं मिळतील हे धरून चाला. मोबाइलचं पण तेच, आधी फ्लाइट मोड, मग मेलचं अ‍ॅप. गेल्या वर्षी एका कापड दुकानाचे सात महिन्यांचे मेल असेच मिळाले, मालकाच्या मुलीचा जुना लॅपटॉप कॉलेज सुटल्यापासून कपाटात होता, चार्जर शोधण्यात अर्धा दिवस गेला, बाकी काम वीस मिनिटांचं.

तसलं यंत्र नसेल तर हॉस्टिंगवाल्याचं दार, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमचा मेल आहे त्याचं. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांचे डोमेन मेल बहुतेक सीपॅनेलच्या (हॉस्टिंग सांभाळायचा वेबवरचा स्क्रीन) शेअर्ड हॉस्टिंगवर असतात, तिथं एक मेल म्हणजे एक फाइल, त्यामुळं एकाच मेलबॉक्सचा एकाच दिवसाचा बॅकअप काढून देणं त्यांना अवघड नसतं, बॅकअप असला तर. सीपॅनेलचं लॉगिन तुमच्याकडं असेल तर आत बॅकअपचं आयकॉन आहे का बघा, काही ठिकाणी स्वतःलाच जुन्या तारखेचा मेलबॉक्स निवडून परत आणता येतो. नसेल तर तिकीट म्हणजे लेखी विनंती टाका आणि शब्द नीट वापरा: अमुक मेल आयडी, अमुक तारखेच्या आधीचा बॅकअप, आणि तो वेगळ्या फोल्डरात किंवा झिप करून द्या. हे वेगळ्या फोल्डरात देणं फार महत्त्वाचं. मी एकदा घाईघाईत नुसतं 'रिस्टोर करून द्या' लिहिलं, त्यांनी अख्खा मेलबॉक्स आठवड्यामागं नेला, जुने मेल आले आणि मधल्या आठवड्याचे नवे गेले, त्या गिऱ्हाईकाची एक मोठी ऑर्डर त्याच आठवड्यात आली होती. शब्द माझे होते, चूक माझी. आणि उशीर करू नका, बॅकअप एकावर एक चढत जातात, आजचा जो सगळ्यात जुना आहे तो उद्या पुसला जाऊ शकतो. तुमच्यासाठी खरं घड्याळ हे आहे.

एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तुम्ही नशीबवान, फार बोलत नाही. डिलीटेड आयटम्सवर उभं राहून वरच्या फोल्डर टॅबमध्ये रिकव्हर डिलीटेड आयटम्स फ्रॉम सर्व्हर, शिफ्ट-डिलीटवाले पण तिथं असतात, निवडायचं आणि रिस्टोर. मुदत एरवी १४ दिवस, अ‍ॅडमिन ती ३० पर्यंत वाढवू शकतो. परत आणलेले मेल डिलीटेड आयटम्समध्येच येतात, इनबॉक्समध्ये शोधत बसू नका. घरगुती आउटलुक डॉट कॉमला मुदत ३० दिवस.

जीमेल वापरणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं. तिथं ट्रॅशमध्ये ३० दिवस मेल राहतो, नंतर जातो, आणि ट्रॅश स्वतःच रिकामा केला तर घरगुती खात्याला परतीचा रस्ता जवळजवळ नाहीच. कंपनीचं गूगल वर्कस्पेस असेल तर ट्रॅशमधून गेल्यानंतरही २५ दिवस अ‍ॅडमिन परत आणू शकतो, म्हणजे आज ऑफिसात ज्यानं अकाउंट काढून दिले त्याला शोधा. शोधताना सर्चमध्ये साधं नाव न टाकता ऑल मेल, स्पॅम, ट्रॅश सगळ्यात शोधा असा पर्याय निवडा, आर्काइव्ह झालेला मेल इनबॉक्समध्ये दिसत नाही पण ऑल मेलमध्ये असतो. लोक मला विचारतात की गूगलकडं सगळ्याचा बॅकअप असेलच की. असतो, पण तो त्यांच्या चुकीसाठी, आपल्या चुकीसाठी नाही. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या गडबडीनं जीमेलच्या ०.०२ टक्के खात्यांचे मेल दिसेनासे झाले होते, आणि ते परत आणायला गूगलला चक्क टेपवरचा बॅकअप काढावा लागला, कारण बाकीच्या ऑनलाइन प्रतींमध्ये पण तोच बिघाड गेला होता आणि टेप तेवढी नेटपासून लांब होती. तुम्हाला मी सगळ्यात आधी वायर काढायला का सांगितली ते यात आलं. आणि गूगलवर जीमेल कस्टमर केअरचा फोन नंबर शोधू नका, जे नंबर सापडतात त्यावर बसलेले लोक मेल सोडून बाकी सगळं काढून घेतात.

थंडरबर्ड वापरणारा कोणी असेल तर त्याला सांगतो की हा माझा आवडता पेशंट आहे, कारण त्यात सगळं उघड्यावर असतं. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, शेवटी डॉट-काहीही नसलेली, आणि तिच्या शेजारी एमएसएफ नावाची अनुक्रमणिका. मेल डिलीट केला की फाइलमध्ये त्या मेलच्या वरच्या भागात एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते, तिच्यातला आकडा बदलतो, ०००१ म्हणजे वाचलेला, त्यात ८ मिळवले की ०००९, म्हणजे वाचलेला आणि डिलीट झालेला. बास, एवढंच होतं, मेल तिथंच. थंडरबर्ड बंद करायचं, फाइलची कॉपी करायची, चांगल्या एडिटरमध्ये उघडायची (नोटपॅडमध्ये नको, मोठ्या फाइलला ते मान टाकतं), ०००९ ची ०००१ करायची, ०००८ असेल तर ००००, शेजारची एमएसएफ उडवायची आणि थंडरबर्ड चालू करायचं, ते अनुक्रमणिका नवी बनवतं आणि मेल दिसायला लागतात. फाइली सापडतात अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स या वाटेनं. अट एकच, कॉम्पॅक्ट झालेलं नसावं. थंडरबर्ड जागा वाचवायला कॉम्पॅक्ट करू का म्हणून विचारतं आणि माणूस न वाचता ओके करतो.

कॉम्पॅक्टवर माझा एवढा राग का आहे तेपण सांगून टाकतो. २००९ ची गोष्ट, एक्सपीचा जमाना, एका वकिलांच्या ऑफिसात आउटलुक एक्स्प्रेस. मशीन हळू चालतंय म्हणून मला बोलावलं. मी फोल्डर सगळे कॉम्पॅक्ट केले, डिस्क क्लीनअप चालवलं, आणि जाताना शहाणपणानं रिसायकल बिन पण रिकामा केला. मशीन पळायला लागलं, वकीलसाहेब खूश, पैसे घेतले. दोन दिवसांनी फोन, आदल्या आठवड्यात ज्युनिअरनं चुकून एका केसचे मेल डिलीट केले होते ते काढून द्या. नंतर मला कळलं की एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये आउटलुक एक्स्प्रेस कॉम्पॅक्ट करायच्या आधी जुन्या फाइलची बॅक नावाची एक प्रत रिसायकल बिनमध्ये टाकून ठेवायचं, म्हणजे मेल काढायला जे लागतं ते सगळं मी स्वतःच्या हातानं दोनदा पुसलं होतं, एकदा नांगर आणि वरून रोटाव्हेटर. पैसे परत दिले. तेव्हापासून कोणाच्या मशीनवर साफसफाई करायच्या आधी विचारतो की गेल्या महिन्यात काही हरवलंय का.

आता सॉफ्टवेअरवाल्या मुलाचा मुद्दा. रिक्युव्हा, फोटोरेक, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी ही टूलं चांगली आहेत, पण ती फाइल डिलीट झाली असेल तर. तुमची पीएसटी फाइल डिलीट झालेलीच नाही, ती जागेवर आहे, तिच्या आतला मेल डिलीट झालाय, आणि ही टूलं फाइलच्या आत बघत नाहीत. त्यामुळं तुमच्यासाठी त्यांचा उपयोग नाही. कोणाची अख्खी पीएसटी उडाली असेल किंवा विंडोज परत टाकताना गेली असेल तर मात्र उपयोग, आणि तेव्हा टूल त्याच ड्राइव्हवर टाकायचं नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. फिरणारी हार्डडिस्क असेल तर आशा बरी. एसएसडी असेल तर विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे, फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला सांगतं ही जागा आता नको, आणि एसएसडी ती आतून पुसून टाकते. तिथं मी गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगतो की पैसे घालवू नका.

एक जागा मात्र त्या मुलाला नक्की दाखवा. मेलमधली पीडीएफ थेट डबल क्लिक करून उघडली की आउटलुक तिची प्रत एका लपलेल्या फोल्डरात ठेवतं, यूजरच्या अ‍ॅपडेटामध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश, आणि त्यात कंटेंट डॉट आउटलुक. एरवी ती प्रत पुसली जाते, पण पीडीएफ उघडी असतानाच आउटलुक बंद केलं की ती तिथंच राहते, आणि वर्कशॉपात बिल उघडून प्रिंट मारून सगळं एकदम बंद करायची पद्धत असते, म्हणून तिथं बरीच बिलं सापडतात. फोल्डर क्लिक करत गेलात तर दिसणार नाही, पत्ता वरच्या पट्टीत टाइप करावा लागतो. डिस्क क्लीनअप कोणी चालवायच्या आधी हे करा.

हे बिलांपुरतं झालं. यातला कुठला मेल उद्या कोर्टात दाखवायचा असेल, पैशाचा वाद असेल, तर यातलं काही स्वतः करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं, आधी जुन्या पुरावा कायद्यात तेच कलम ६५ब होतं, आणि हेक्स एडिटरमध्ये हात घातलेली पीएसटी समोरचा वकील सोडणार नाही. मशीन बंद करून वकिलाला विचारा.

आणि शेवटी ज्याच्याकडं कोणी जात नाही तो रस्ता. मेल दोघांचा असतो. तुमच्याकडून गेला तरी सप्लायरच्या सेंट फोल्डरात, पाठवलेल्या मेलमध्ये, तो आहे. फॉरवर्ड करा म्हणू नका, फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट म्हणा, मग मूळ तारीख आणि हेडर तसंच राहतं. कोणाकोणाला फोन करायचा ही यादी आठवून काढू नका, जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये ज्या सप्लायरांनी तुमची बिलं चढवलीत त्यांची बिलवार यादी असते, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं. तुमचे सीए बिल मागतायत ते पण याच यादीशी जुळवायला. बघा, बरेचदा वीसेक सप्लायर निघतात आणि त्यातल्या पाच-सहा जणांचीच बहुतेक बिलं असतात, त्यांच्या अकाउंटंटला एक फोन केला की संध्याकाळपर्यंत झिप येते.

तेव्हा तुम्ही फाइलची कॉपी करा, पॉप की आयमॅप ते बघा, आयमॅप असेल तर आजच हॉस्टिंगवाल्याला तिकीट टाका, आणि मला तो शब्द आणि फाइलचा आकार एवढं कळवा, पुढचं त्यावरून सांगतो. तोपर्यंत त्या मुलाचा चहा झाला असेल तर त्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवून २बी काढायला लावा, मागच्या वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा.